छापील कागदावरचे गाणे

गाण्याला मासिकाची गरज काय, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एखाद्या दरबारी गवयाला कोणी विचारला असता, तर त्याने तो हसण्यावारी नेला असता. आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्यात त्याचे काही चुकलेही नसते. त्याची तैनात दरबाराच्या दफ्तरात नोंदलेली, त्याचे श्रोते बोटांवर मोजण्याइतके आणि तोंडओळखीचे, त्याचा शिष्य एक तर घरातला मुलगा अथवा पुतण्या, नाही तर वर्षानुवर्षे पाणी भरून आणि पाय चेपून विद्येस पात्र ठरलेला एखादा चिवट परका. अशा सुटसुटीत व्यवहारात छापखान्याला जागाच नव्हती. शिवाय बंदिश ही त्याची मिळकत होती. जहागीर खालसा होत असे, इनामाची सनद नवा कारभारी नाकारत असे, वर्षासन थकत असे. परंतु घराण्यातून आलेली अप्रसिद्ध रागातली एखादी चीज कोणत्याही सरकारला जप्त करता येत नसे. उस्तादांच्या विद्याचोरीबद्दल आणि कृपणपणाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते बहुधा अशा लोकांनी लिहिले आहे की ज्यांना महिन्याच्या अखेरीस पगार किंवा पेन्शन मिळत होते, एवढे ध्यानात ठेवून पुढचा इतिहास वाचावा.

हा व्यवहार बदलला तो दरबार आटले म्हणून, आणि शहरांत एक नवा श्रोता तयार झाला म्हणून. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे हे त्याचे चिटणीस आणि खरे चालक. समाजाचे सभासद कोण, हे पाहिले म्हणजे सारा प्रकार उलगडतो: वकील, शिक्षक, सरकारी अंमलदार, क्वचित एखादा सरदार. या मंडळींना गाणे आवडत होते, पण ते ऐकायला जेथे जावे लागे ती जागा आवडत नव्हती. आणि आपल्या संगीताला शास्त्र आहे, ते रानटी लोकांचे आरडणे नव्हे, हे साहेबाला पटवून देण्याची त्यांना निकड होती. समाजाने १८८७ मध्ये आपल्या कार्याची हकीकत आणि हिंदू संगीताचे विवेचन असे इंग्रजी पुस्तकच प्रसिद्ध केले, त्याचा रोख उघडच बाहेरच्या वाचकाकडे होता. त्याच दशकात घारपुरे नावाच्या गृहस्थांनी पुण्यातून ‘संगीत मीमांसक’ काढले. मासिकाचे हे नाव ठेवण्यातच त्या काळची आकांक्षा दिसते: गाण्याचा आनंद घ्यायचा तो मागाहून, आधी त्याची मीमांसा झाली पाहिजे, आणि ती धर्मशास्त्राच्या किंवा व्याकरणाच्या मीमांसेइतकी प्रतिष्ठित दिसली पाहिजे.

पण विद्वानांनी मासिके काढावीत यात नवल नाही. नवल आहे ते एका घरंदाज गवयाने त्या फंदात पडण्याचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे पुरुष. ती मिळवण्यासाठी त्यांनी उत्तरेत जी वणवण केली, वासुदेवबुवा जोशी यांची जी सेवा केली, तिच्या कथा गवयांच्या तीन पिढ्या सांगत आल्या. एवढे कष्ट घेऊन मिळवलेली विद्या कोणी तिजोरीत ठेवली असती तर त्याला दोष देता आला नसता. बुवांनी मात्र मुंबईस असताना तेथेही एक गायन समाज काढला आणि ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही चालू केले. दम्याने त्यांना मुंबईत टिकू दिले नाही. ते कोरड्या हवेच्या मिरजेकडे वळले, आणि मासिकाचे पान तेथेच मिटले. मासिकांच्या मरणाची जी नेहमीची कारणे, म्हणजे थकलेली वर्गणी, रुसलेला मुद्रक, कंटाळलेला संपादक, त्यांत दम्याची नोंद बहुधा ही एकच असावी. मात्र बुवा मिरजेस गेले म्हणूनच पुढचे सारे घडले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कारण मिरजेतच कुरुंदवाडचा एक मुलगा, दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने डोळे भाजलेला आणि त्यामुळे शाळेचे शिक्षण सुटलेला, त्यांच्याकडे गाणे शिकण्यास आला. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी पुढे जे केले त्याचे बीज एका अपमानात आहे, असे सांगतात. गावातील एका समारंभाचे निमंत्रण सर्व प्रतिष्ठितांना गेले, खुद्द विष्णुबुवांनाही संस्थानिकाच्या मर्जीमुळे गेले. त्यांच्या गुरूंना मात्र गेले नाही, कारण गवई हा प्रतिष्ठितांत मोडत नव्हता. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर जलसा केला, आणि ५ मे १९०१ रोजी, आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर, लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. ज्याला कोणी आश्रयदाता नाही अशा माणसाने काढलेली ही संगीतशाळा, आणि तिच्या पोटात वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना आणि स्वतःचा छापखाना! त्या छापखान्यातून स्वरलिपीची पुस्तके निघाली आणि ‘संगीतामृतप्रवाह’ हे मासिकही निघाले.

तिकीट आणि वर्गणी या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच काळात आरंभल्या, हा योगायोग नव्हे. तिकिटाचे पैसे देणारा आणि मासिकाची व्ही.पी. पोस्टात पैसे भरून सोडवणारा हे दोघेही गवयाला अपरिचित असतात. त्यांना त्याचे घराणे ठाऊक नसते, त्याने मुजरा करावा अशी त्यांची अपेक्षा नसते, आणि गाणे किंवा अंक पसंत पडला नाही तर ते दुसऱ्या वेळी येत नाहीत, यापलीकडे त्यांची शिक्षाही नसते. गवयाला स्वातंत्र्य मिळाले ते या परक्या, निनावी माणसाकडून. ते स्वस्त नव्हते. विष्णुबुवांनी १९०८ साली मुंबईत महाविद्यालय आणले, पुढे सँढर्स्ट रस्त्यावर टोलेजंग इमारत उठवली, आणि कर्जापायी तिचा लिलाव झालेलाही पाहिला. एका राजाची मर्जी सांभाळण्याऐवजी दोन हजार अनोळखी माणसांची मर्जी सांभाळणे हा मोठा सन्मानाचा मार्ग आहे खरा, परंतु सावकाराच्या खतावर त्याची नोंद नसते.

आता त्या छापखान्यात जरा डोकावले पाहिजे, कारण त्या काळच्या संगीत मासिकांचे अर्धे पान ज्याने व्यापलेले असे ती स्वरलिपी म्हणजे नेमके काय काम होते, याची कल्पना नुसत्या शब्दाने येत नाही. देवनागरीचा जुळारी आधीच शेकडो खिळ्यांच्या पेट्यांपुढे उभा. त्याला काना, वेलांट्या आणि जोडाक्षरे पुरेशी नव्हती म्हणून की काय, गवयाने त्याच्यापुढे नवा हस्तलिखित कागद ठेवला. विष्णु दिगंबरांच्या पद्धतीत कोमल स्वर दाखवायचा तर त्याचा पाय हलन्त करायचा. मंद्र सप्तकातला स्वर असेल तर डोक्यावर टिंब, तार सप्तकातला असेल तर डोक्यावर उभी रेघ. आणि प्रत्येक स्वराखाली तो किती वेळ टिकतो याची खूण, म्हणजे एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोर. त्याच्याही खाली गीताची अक्षरे आणि तालाचे आकडे, सम दाखवायला एक, खाली दाखवायला अधिक चिन्ह. म्हणजे एका ओळीच्या गाण्यासाठी चार मजली ओळ उभी करायची, आणि वरच्या मजल्यावरचे टिंब जुळाऱ्याच्या हातून एक खिळा सरकले की मंद्रातला निषाद मध्य सप्तकात जाऊन बसे. मुद्रिते तपासायची कोणी? ज्याला गाणे येते त्याला मुद्रिते तपासण्याची सवय नव्हती, आणि ज्याला मुद्रिते तपासता येत त्याला गाणे येत नव्हते.

याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे, व्यवसायाने वकील आणि वृत्तीने न्यायाधीश, मुलूखभर फिरून उस्तादांच्या चिजा उतरवून घेत होते. त्यांनी स्वरलिपी सोपी केली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला गुणाकाराची खूण आणि खालीला शून्य. मंद्रासाठी स्वराच्या खाली टिंब आणि तारासाठी वर. वाचकाने हा शेवटचा तपशील पुन्हा वाचावा. डोक्यावर टिंब असलेला षड्ज एका विष्णूच्या पुस्तकात खालच्या सप्तकातला होता, तर दुसऱ्या विष्णूच्या पुस्तकात वरच्या. शून्य एकीकडे अर्धी मात्रा, तर दुसरीकडे टाळीविना जाणारा कालखंड. दोघेही महाराष्ट्रीय, दोघांचे ध्येय एकच की हे संगीत शिकलेल्या माणसाच्या हाती पोचावे, आणि दोघांच्या शिष्यांना एकमेकांची पुस्तके भाषांतरावाचून वाचता येऊ नयेत! मराठी माणसाच्या सार्वजनिक कार्याचा इतका नमुनेदार दाखला दुसरा शोधूनही मिळायचा नाही.

त्यातच श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचा, वाद पेटला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींचे गणित मांडले, क्लेमंट्स नावाच्या सिव्हिलियन जज्जाने ते उचलून धरले, अब्दुल करीमखाँनी त्यासाठी आपला गळा दिला, श्रुतींची पेटी बांधली गेली, आणि १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पेटी नापसंत ठरली. एका निवृत्त डेप्युटी कलेक्टराने आणि एका जज्जाने षड्जापासून ऋषभापर्यंतच्या जमिनीची मोजणी करावी, हद्दीच्या खुणा रोवाव्यात, आणि मूळ वहिवाटदाराने मात्र तेथून निमूटपणे गात निघून जावे, असा तो प्रकार होता. या वादावर किती कागद खर्ची पडला त्याचा हिशेब नाही. आज ते लेख चाळताना त्यांतील पांडित्याबद्दल आदर वाटतो, पण एकही लेख दुसऱ्यांदा वाचण्याची इच्छा होत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे या सर्व नियतकालिकांचे खरे कार्य निराळ्याच ठिकाणी झाले, आणि ते बऱ्याच अंशी त्यांच्या संकल्पाबाहेर झाले. स्वर छापायला ती निघाली होती; टिकून राहिली ती त्यांनी छापलेली माणसे.

हे पहिल्याने ज्याने ओळखले तो संगीताच्या मासिकातला नव्हेच. नाटकवाल्यांत किर्लोस्कर मंडळीचे शंकर बापूजी मुजुमदार यांनी ‘रंगभूमि’ मासिक चालवून नटांच्या आणि नाटककारांच्या हकीकती जमा करण्याचा पायंडा पाडला होता; पण गवयाचे गाणे ऐकून त्याचे शब्दचित्र काढावे, त्याच्या आवाजाची जात, त्याचे बसणे, समेवर येण्याची त्याची लकब आणि त्याचे दोष, हे सारे सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत सांगावे, हे काम केशवराव भोळे यांनी केले. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावाने त्यांचे लेख येऊ लागले. लेखक वैद्यकीचा अभ्यास अर्धवट टाकून गाण्याकडे वळलेला. शरीराची चिकित्सा करण्याचे राहून गेले ते त्याने गळ्यांच्या बाबतीत केले. स्वतः संगीतरचनाकार असल्यामुळे त्याला कारागिरी ठाऊक होती, आणि टोपणनावाच्या आड बसल्यामुळे भीड ठेवण्याचे कारण नव्हते. भल्याभल्या गवयांना आपल्या गाण्यावर मासिक-साप्ताहिकात कोणी मत द्यावे ही कल्पनाच औद्धत्याची वाटत असे. त्यांना आजवर एकच टीका माहीत होती, ती म्हणजे मैफलीत दुसऱ्या उस्तादाने मान न हलवणे.

विष्णु दिगंबर १९३१ साली मिरजेस वारले. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, परीक्षा सुरू केल्या, गावोगाव केंद्रे काढली. आणि १९४७ मध्ये, महायुद्धातल्या कागदटंचाईची झळ अजून पुरती ओसरली नसताना, ‘संगीत कला विहार’ हे मासिक सुरू केले. संपादक बाळकृष्ण रघुनाथ देवधर. हेही मिरजेचेच, विष्णुबुवांचे शिष्य, पदवीधर, पाश्चात्त्य संगीताचाही रीतसर अभ्यास केलेले. १९२५ पासून मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांची संगीतशाळा चालत असे. अकरा-बारा वर्षांचे कुमार गंधर्व याच शाळेत येऊन राहिले, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला त्या शाळेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. मुंबईस येणारा कोणत्याही घराण्याचा गवई त्या जिन्याने चढून वर येई, आणि देवधर त्याला गाऊ देत, खाऊ देत, आणि मुख्य म्हणजे बोलू देत.

घराण्याचा अभिमान बाजूला ठेवून दुसऱ्याचे ऐकत बसणे ही गवयांच्या जगात सोपी गोष्ट नव्हती. सिंदेखाँ नावाचे विक्षिप्त उस्ताद, फाटक्या वेशात फकिराप्रमाणे मुंबईच्या रस्त्यांवर हिंडणारे, ज्यांना पाहून कोणी पैसा टाकला असता पण तानपुरा पुढे केला नसता, अशांनाही देवधरांनी हेरले, शाळेत आणले, त्यांचे लहरी वागणे सोसले आणि त्यांच्यापासून चिजा घेतल्या. चिजा घेणारे पुष्कळ असतात. देवधरांनी त्या माणसाचे चरित्रही लिहून ठेवले. रहिमतखाँ, अल्लादियाखाँ, फैयाजखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा एकेका गायकाविषयी त्यांनी मासिकात केलेले लेखन पुढे ‘थोर संगीतकार’ या ग्रंथात आले आणि १९९३ मध्ये इंग्रजीतही गेले.

या लेखांची भाषा साधी आहे, कित्येक ठिकाणी तर ती शाळामास्तरी आहे. भोळ्यांची नजर त्यांत नाही. वामनराव देशपांडे यांनी, जे धंद्याने हिशेबतपासनीस, १९६१ साली ‘घरंदाज गायकी’त घराण्यांच्या सौंदर्यतत्त्वांची जी शिस्तवार मांडणी केली, तशी मांडणीही नाही. तरीही मला हे लेख अधिक मोलाचे वाटतात, कारण त्यांत तत्त्वाआधी माणूस येतो: कोणी कोणाकडे किती वर्षे शिकला, काय खात होता, कोणाशी का बोलत नव्हता, कोणत्या दरबारात बिदागी मिळाली आणि कोणत्या दरबारात नुसतेच ताटकळत बसावे लागले. गायकाच्या गळ्यात काय होते ते यांवरून कळत नाही हे खरे. पण ते तसे का होते याचा बोध, चार मजली स्वरलिपीपेक्षा, या ऐकीव हकीकतींतून जास्त होतो.

त्या ऐकीव आहेत, हा आक्षेप अर्थातच खोटा नाही. गवई आपल्या गुरूबद्दल बोलू लागला म्हणजे एका रागाचा विस्तार तीन रात्री चालतो, आणि प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलू लागला म्हणजे तो पहिल्याच समेला चुकतो. संपादकाने यांतले किती गाळले आणि किती ठेवले हे आपल्याला कळावयास मार्ग नाही. दुसरा आक्षेप याहून जड आहे. आरंभीच्या मासिकांना आणि समाजांना शिष्ट घरांत गाणे न्यायचे होते, म्हणून ज्या बायकांनी ते इतकी वर्षे सांभाळले होते त्यांना दाराबाहेर ठेवणे त्यांना आवश्यक वाटले. गोमंतकातील देवळांच्या आवारांत वाढलेल्या कलावंतिणी, मुंबई-पुण्याच्या नायकिणी, यांच्याकडे उस्ताद राहत, शिकवत, त्यांच्याच पैशावर कित्येकांचे संसार चालत. परंतु छापील इतिहासात गुरुपरंपरेचा वृक्ष पुरुषांच्या नावांनीच फांद्या फोडतो. केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्या कीर्तीने पुढे लेखण्यांचा नाइलाज केला, हीराबाई बडोदेकर यांनी जाहीर जलशांनी मैफलीचा रिवाजच बदलला, तेव्हा स्त्रियांची नावे आली. त्यांच्या आधीच्या पिढीतील गायिकांबद्दल या मासिकांनी चार पाने लिहून ठेवली असती, तर श्रुतींवरची चाळीस पाने सहज वाचली असती.

‘संगीत कला विहार’ला स्वतंत्र मासिक म्हणावे की नाही, असाही कोणी प्रश्न करील. ते एका संस्थेचे मुखपत्र. परीक्षांच्या सूचना, केंद्रांची वृत्ते, अभ्यासक्रमाला धरून लिहिलेले लेख त्यात येणारच, आणि आपल्या गुरूविषयी ते कठोर होईल अशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु ते सरकारच्या पैशावर निघाले नाही, संस्थानिकाच्या नावाने निघाले नाही, आणि ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीसाठी तर मुळीच निघाले नाही. त्याला पोसणारा वर्ग म्हणजे तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत संगीतवर्ग चालवणारे शिक्षक आणि त्यांचे परीक्षेला बसणारे विद्यार्थी. बाळकृष्णबुवांच्या ‘दर्पणा’पाशी नव्हते ते हेच: अंक घेण्याचे कारण असलेला वाचक. विष्णुबुवांनी शाळा काढल्या, शिष्यांनी परीक्षा काढल्या, आणि परीक्षेच्या मागून मासिकाचा वाचक आला.

भास्करबुवा बखले १९२२ साली वारले आणि त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. अल्लादियाखाँ तर १९४६ पर्यंत हयात होते, ध्वनिमुद्रण घरोघर पोचले होते, तरी त्यांनीही आपला आवाज यंत्राला दिला नाही. भास्करबुवांचे गाणे कसे होते हे जाणून घ्यायचे तर गोविंदराव टेंबे काय म्हणतात, देवधर काय सांगतात, हेच पाहावे लागते. रहिमतखाँचे मात्र तसे नाही. त्यांच्या उतारवयातल्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या लावाव्यात आणि देवधरांचा लेख शेजारी उघडून बसावे. लेखातला आवाज आणि तबकडीतला आवाज पुष्कळ ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी जुळत नाहीत, आणि जेथे जुळत नाहीत तेथे तीन मिनिटांच्या तबकडीवर विश्वास ठेवावा की रात्रभर ऐकलेल्या माणसाच्या आठवणीवर, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. मी बहुधा लेखाच्या बाजूने कौल देतो.